खल्फानच्या बोटीचं कव्हर

तो ब्रश आधी खाली ठेव, दिगंबर.
तारेचा ब्रश करपलेल्या टोपाला. याला नाही.
सूर्य अजून तिवरांच्या पलीकडे आहे,
जेट्टीच्या फळ्या पायाला गार लागतायत
तोवर निम्मं उरकायचं.
उम्म अल कुवैनचं ऊन कुणाची वाट बघत नाही.

पहिली धूळ. कोरडीच झटकायची.
परवाच्या शमालने आणलेली, भाजणीच्या पिठासारखी.
पाणी पडलं की तिचा चिखल होतो,
चिखल विणीत जाऊन बसतो
आणि मग घरमालकासारखा वागतो.
मऊ कुंचा घे. वरून खाली.
शिवणीच्या बाजूबाजूने, आडवा नाही.

पाणकावळ्यांनी केलेली घाण खरवडू नकोस.
ओलं फडकं ठेव तिच्यावर
आणि दुसऱ्या टोकाला जा.
आपण बघत नसलो की ती सुटते.

साबण साधा. पाणी कोमट.
माझी आई रिठ्याच्या पाण्यात लग्नातलं लुगडं बुडवायची,
आपटायची नाही, पिळायची नाही,
नुसती दाबायची,
जणू आत कुणी झोपलंय.
तसं.

आणि ब्लीच.
ती बाटली तू कुठून आणलीस ते विचारत नाही,
मीही आणली होती.
तीन महिने झाले होते येऊन.
घडीत बुरशी धरलेली, काळपट हिरवी, ताटाएवढी.
ओतली तशीच, पाणी न घालता.
पाव तासात डाग गेला. निळा रंग तसाच राहिला.
मी खूश, फोरमन खूश.
पुढच्या वादळात कव्हर उकललं
पावट्याची शेंग उकलते तसं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कापडाला काही झालं नव्हतं.
दोरा मेला होता.

दिलमुराद शिंप्याने तो दोरा चिमटीत चोळला,
त्याचा भुगा झाला.
काही बोलला नाही. मकरानची माणसं कमीच बोलतात.
तीन रात्री बसून त्याने सगळं पुन्हा शिवलं,
पैसे घेतले नाहीत,
मला सुईत दोरा ओवायला बसवलं.
त्याला जवळचं दिसत नव्हतं.

ओत आता पाणी. अजून. फेस राहता कामा नये.

आमच्याकडे आचऱ्याला कापड होडीला घेऊन जायचं.
बाबांच्या शिडाला अकरा ठिगळं होती,
त्यातलं एक माझ्या शाळेच्या चड्डीचं.
इथलं कापड होडीला जाऊ देत नाही.
सात वर्षं मी हे धुतोय,
आणि खालची बोट दोनदा पाहिली आहे.
एकदा मोजमाप घ्यायला माणूस आला तेव्हा.
एकदा खल्फानचा मुलगा आला, इंजिन सुरू केलं,
ऐकलं जरा वेळ,
बंद करून गेला.
पांढरी आहे. आत लाकडी चाक आहे.
माझ्यावर विश्वास ठेव, सुंदर आहे.

वाळलं की औषध मारायचं, पातळ, दोन हात.
मग मूठभर पाणी शिंपडून बघायचं.
अळवाच्या पानावर राहतं तसं उभं राहिलं
तर आपली मजुरी हलाल.
पसरलं, की पुन्हा पहिल्यापासून.

काल रात्री बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता.
खोलीत सगळे जागे होते.
कुणी दार वाजवलं नाही.

घडी घालतोयस? थांब.
वरून कोरडं लागतंय म्हणून फसू नकोस.
आत हात घाल, दुमडीत, पट्ट्याच्या खाली.
लागलं ना गार?
मग उघड, आणि दोरीवर टाक परत.
साडेबारा होत आले, आता बाहेर थांबायला बंदी आहे.
बादली उपडी घाल
आणि सावलीत ये.
कव्हर राहू दे तिथेच.